शंभर टक्के मतदानाचा छेद : डिक्सव्हिल नॉच येथील मध्यरात्रीचे मतदान आणि पक्षीय कल (१९६०–२०२४)

प्रस्तावना

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा पहिला निकाल दर चार वर्षांनी एकाच ठिकाणाहून येतो. नोव्हेंबरमधील मतदानाच्या दिवशी मध्यरात्रीचे बारा वाजतात, न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर टोकावरील डिक्सव्हिल नॉच या वस्तीतील मोजके मतदार आपल्या मतपत्रिका पेटीत टाकतात आणि काही मिनिटांतच निकाल फळ्यावर लिहिला जातो. उर्वरित देश तेव्हा झोपेत असतो. १९६० पासून चालत आलेल्या या प्रथेचे वर्णन बहुधा गमतीची बातमी म्हणून केले जाते. सकाळच्या वृत्तपत्रात ती चौकटीत येते आणि दुपारपर्यंत विस्मरणात जाते.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या वस्तीचे महत्त्व वेगळे आहे. ज्या देशात अध्यक्षीय निवडणुकीतील मतदानाचे प्रमाण १९६० मध्ये मतदानयोग्य वयाच्या लोकसंख्येच्या सुमारे ६३ टक्के होते आणि १९९६ मध्ये ते जवळपास ४९ टक्क्यांवर घसरले, त्याच देशात एक वस्ती सहा दशकांहून अधिक काळ पूर्ण मतदानाची नोंद करीत आली आहे. शिवाय तेथील प्रत्येक निवडणुकीचे आकडे उपलब्ध असून ते इतके लहान आहेत की एकेका मताचा विचार करता येतो. हे पूर्ण मतदान कशामुळे घडले, त्याच्या जोडीने पक्षीय कल कसा बदलला आणि 'शंभर टक्के' या आकड्याने नेमके काय झाकले गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वस्ती, हॉटेल आणि कायदा

'नॉच' म्हणजे डोंगरातील खिंड. डिक्सव्हिल नॉच कोऑस परगण्यात, कॅनडाच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर वसले आहे. त्यास गाव म्हणणे काटेकोरपणे चुकीचे ठरेल. न्यू इंग्लंड प्रदेशात 'टाउन' ही स्वशासनाची मूळ संस्था मानली जाते. वर्षातून एकदा सर्व मतदार एकत्र जमतात, अंदाजपत्रक मंजूर करतात आणि 'सिलेक्टमन' नावाचे कारभारी निवडतात. फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकव्हिल याने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील लोकशाहीविषयीच्या ग्रंथात याच संस्थेचा गौरव केला होता. डिक्सव्हिलला मात्र असा टाउनचा दर्जा नाही. तेथे महापालिका नाही, ग्रामपंचायतीसारखी संस्था नाही. केवळ मतदानाच्या प्रयोजनासाठी या वस्तीची रचना करण्यात आली. म्हणजे येथे शासनाआधी मतपेटी आली, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

या वस्तीचा खरा आधार होता तो 'द बाल्सम्स' हे हॉटेल. यादवी युद्ध संपल्यानंतर, १८६६ मध्ये, येथे 'डिक्स हाउस' नावाचे छोटे विश्रामगृह सुरू झाले. १८९५ मध्ये हेन्री हेल यांनी ते विकत घेऊन त्याचा विस्तार केला व त्यास नवे नाव दिले. पुढे १९५४ मध्ये रबराचे फुगे आणि हातमोजे बनविणारे उद्योजक नील टिलॉटसन यांच्याकडे हॉटेलची मालकी आली. वस्तीतील बहुतेक मतदार हे या हॉटेलचे कर्मचारी, त्यांचे कुटुंबीय किंवा स्वतः मालकाच्या घरातील माणसे होती.

मध्यरात्री मतदान घेण्याची कल्पना डिक्सव्हिलची नव्हे. त्याच राज्यातील हार्ट्स लोकेशन या वस्तीने १९४८ मध्ये तसे मतदान घेतले होते. तेथील रेल्वे कामगारांना नेहमीच्या मतदानाच्या वेळेपूर्वीच कामावर हजर व्हावे लागे. त्यांची सोय हा तेथील हेतू होता. पुढे बातमीदारांच्या गर्दीला कंटाळून त्या वस्तीने १९६४ नंतर प्रथा बंद केली आणि १९९६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. डिक्सव्हिलमध्ये नेमके याच्या उलट घडले. तेथे बातमीदारांचे स्वागत होते. हॉटेलात त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होती, निकाल तत्काळ बाहेर कळविता येत होता आणि वृत्तसंस्थांना पहिल्या निकालाची घाई होती. हॉटेलची प्रसिद्धी दर चार वर्षांनी आपोआप होत गेली. कामगाराच्या सोयीसाठी जन्मलेली प्रथा अशा रीतीने प्रेक्षणीय सोहळा बनली. हॉटेलच्या एका दालनाला तर 'बॅलट रूम' असेच नाव मिळाले होते.

न्यू हॅम्पशायरचा कायदा शंभराहून कमी लोकसंख्येच्या वस्त्यांना मध्यरात्री मतदान केंद्र उघडण्याची मुभा देतो. यादीतील सर्व मतदारांनी मत दिल्यानंतर केंद्र बंद करून मतमोजणी करता येते. एकही मतदार बाकी असेल तर निकाल जाहीर करता येत नाही. अनुपस्थित मतदारांची टपाली मतेही यात धरली जातात. संपूर्ण सोहळ्याची किल्ली या तरतुदीत आहे. अन्यत्र पूर्ण मतदान ही आकांक्षा असते. येथे ती मध्यरात्रीच्या निकालाची पूर्वअट आहे. एका माणसाने न येण्याचे ठरविले तर सर्वांचा सोहळा फसतो. ज्या वस्तीत प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, तेथे असे न येणे सोपे नसते.

मतदानाचे प्रमाण घटण्याची जी कारणे राज्यशास्त्रात सांगितली जातात, त्यांपैकी बहुतेक येथे मुळातच उद्भवत नाहीत. मतदान केंद्र राहत्या जागेलगत, रांग नाही, कामाची वेळ आड येत नाही आणि १९९६ पासून न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या दिवशीच नाव नोंदविण्याची सोय असल्याने नोंदणीचा अडसरही नाही. डिक्सव्हिलच्या नागरिकांची निष्ठा कमी लेखण्याचे कारण नाही, पण निष्ठेच्या आधी येथे व्यवस्था उभी होती हे लक्षात घ्यावे लागते.

मालकाची पहिली मतपत्रिका

१९६० च्या पहिल्याच मध्यरात्री रिचर्ड निक्सन यांना ९ आणि जॉन केनेडी यांना शून्य मते मिळाली. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांना सर्वच्या सर्व ८ मते पडली. त्याच दिवशी उर्वरित देशाने लिंडन जॉन्सन यांना प्रचंड बहुमत दिले. पहिली मतपत्रिका पेटीत टाकण्याचा मान टिलॉटसन यांचा असे आणि तो त्यांनी २००१ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी निधन होईपर्यंत सांभाळला. घड्याळाकडे पाहत उभा असलेला हॉटेलमालक आणि त्याच्या मागे त्याचे कर्मचारी, हे दृश्य अनेक दशके छायाचित्रांतून जगभर गेले.

या दृश्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळणे योग्य नव्हे. गुप्त मतदानाची पद्धत ज्या दबावापासून मतदाराचे संरक्षण करण्यासाठी आली, त्यांपैकी नोकरी देणाऱ्याचा दबाव हा प्रमुख होता. ज्या निवडणुकीत सर्व नऊ मते एकाच उमेदवाराला पडतात, तेथे कोणी कोणास मत दिले हे सर्वांना ठाऊक होते. पडद्याआडचा कक्ष तेथे नावापुरता राहतो. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांना २९ आणि वॉल्टर माँडेल यांना १ मत मिळाले. त्या एका मताविषयी दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या भोजनगृहात किती तर्क लढविले गेले असतील, याची कल्पना करता येते. त्या मतदाराने आपले मत गुप्त ठेवले असेलही. पण संशय मात्र तीसजणांत वाटला गेला असणार.

असे असले तरी मालकाच्या इच्छेनुसार कर्मचारी मत देत होते, असा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही. १९६८ मध्ये, म्हणजे प्रथा सुरू होऊन अवघी आठ वर्षे झाली असताना, डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री यांना ८ आणि निक्सन यांना ४ मते मिळाली. आठ वर्षांपूर्वी ज्या निक्सन यांना सर्व मते पडली होती, तेच येथे हरले आणि देशात जिंकले. १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांना १३ तर जिमी कार्टर यांना ११ मते होती; इतकी अटीतटी दबावाखालील मतदारसंघात सहसा दिसत नाही. १९९२ ची निवडणूक तर अधिक बोलकी आहे. जॉर्ज बुश (थोरले) यांना १५, अपक्ष रॉस पेरो यांना ८, लिबर्टेरियन पक्षाचे आंद्रे मॅरू यांना ५ आणि देशभर विजयी ठरलेल्या बिल क्लिंटन यांना केवळ २ मते मिळाली. त्याच वर्षीच्या प्राथमिक निवडणुकीत मॅरू यांनी ११ मते मिळवून विद्यमान अध्यक्ष बुश यांना (९ मते) मागे टाकले होते. सत्तेपासून फटकून राहणाऱ्या डोंगरी वृत्तीचे हे द्योतक मानता येईल.

तरीही १९७२ ते २००४ या कालखंडातील प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारच येथे पहिला राहिला, हे नाकारता येत नाही. १९७२ मध्ये निक्सन १६, मॅकगव्हर्न ३. १९८० मध्ये रेगन १७, कार्टर ३. १९८८ मध्ये बुश ३४, ड्युकाकिस ३. १९९६ मध्ये बॉब डोल १८, क्लिंटन ८. २००० मध्ये धाकटे बुश २१, गोर ५ आणि राल्फ नेडर १. यांतील शेवटच्या निवडणुकीबाबत एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. २००० मध्ये संपूर्ण न्यू हॅम्पशायर राज्यात बुश यांचे मताधिक्य ७,२११ इतकेच होते. त्या राज्याची चार निर्वाचक मते गोर यांना मिळाली असती, तर फ्लॉरिडातील ५३७ मतांचा वाद अध्यक्षपदाच्या दृष्टीने गौण ठरला असता. डिक्सव्हिलच्या सत्तावीस मतांनी काही बिघडले नाही किंवा घडले नाही; पण अशा लहान राज्यात मतदानाला येणे अथवा न येणे याचे मोल किती असते, हे त्यावरून उमगते.

'रिपब्लिकन' या शब्दाचा बदलता अर्थ

२००८ मध्ये बराक ओबामा यांना १५ आणि जॉन मॅकेन यांना ६ मते मिळाली. १९६८ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवार येथे जिंकला. २०१२ मध्ये ओबामा व मिट रॉमनी यांना प्रत्येकी ५ मते पडून प्रथेच्या इतिहासातील पहिली बरोबरी झाली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन ४, डोनाल्ड ट्रम्प २, लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन १ असा निकाल लागला. उरलेल्या एका मतदाराने मतपत्रिकेवर नसलेल्या रॉमनी यांचे नाव स्वहस्ते लिहिले. २०२० मध्ये जो बायडेन यांना सर्व ५ मते गेली. २०२४ मध्ये कमला हॅरिस ३ आणि ट्रम्प ३.

वरवर पाहता रिपब्लिकन बालेकिल्ला डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकला, असे या आकड्यांवरून वाटते. हे निदान उतावळेपणाचे आहे. प्राथमिक निवडणुकांचे आकडे शेजारी ठेवले की चित्र पालटते. २०१२ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत रॉमनी आणि जॉन हंट्समन यांना प्रत्येकी २ मते होती. २०१६ मध्ये जॉन केसिक यांना ३ तर ट्रम्प यांना २. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांचे नाव मतपत्रिकेवर नसतानाही दोन डेमोक्रॅटिक आणि एका रिपब्लिकन मतदाराने ते हाताने लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वच्या सर्व ६ मते निकी हेली यांना मिळाली. हंट्समन, केसिक, हेली ही नावे एका ओळीत मांडली म्हणजे कल स्पष्ट होतो. करांबाबत काटकसरी, बोलण्यात संयत, शासनाच्या कारभारात अनुभवी, असा हा ईशान्य अमेरिकेचा जुना रिपब्लिकन पिंड आहे. पक्ष जेव्हा त्या पिंडापासून दूर गेला, तेव्हा मतदार मागे राहिले. मतदारांपेक्षा पक्षाने केलेला प्रवास येथे मोठा दिसतो.

२०२४ ची दोन मतदाने या संदर्भात एकत्र वाचावीत. यादीत चार रिपब्लिकन आणि दोन पक्षनोंद न केलेले असे सहा मतदार होते. जानेवारीत या सहाजणांनी एकमुखाने ट्रम्प यांना नाकारले. नोव्हेंबरमध्ये तितक्याच मतदारांपैकी तिघांनी त्यांना स्वीकारले. पक्षनोंद न केलेल्या दोघांनीही हॅरिस यांना मत दिले असे धरले, तरी तिसरे मत नोंदणीकृत रिपब्लिकनाचेच असले पाहिजे. साध्या बेरीज-वजाबाकीने इतके सिद्ध होते. चार वर्षांपूर्वी पहिली मतपत्रिका टाकणाऱ्या मतदाराने स्वतःला आजन्म रिपब्लिकन म्हणवीत बायडेन यांना मत देत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पक्षाची नोंद आणि मत यांतील हे अंतर मोठ्या शहराच्या आकडेवारीत बुडून जाते. येथे ते नावानिशी उघडे पडते.

शेजारच्या मिल्सफील्ड वस्तीशी तुलना केल्यास आणखी एक बाब ध्यानात येते. तेथेही मध्यरात्री मतदान होते. २०१६ मध्ये तेथे ट्रम्प यांना १६ आणि क्लिंटन यांना ४ मते मिळाली. २०२० मध्ये ट्रम्प १६, बायडेन ५. तीच डोंगररांग, तोच परगणा, तीच थंडी. तरीही कल भिन्न. भूगोलावरून मतांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. १९६८ नंतरच्या निवडणुकांत डिक्सव्हिलमधील रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीचा कौल पुढे पक्षाच्या उमेदवारीशी जुळत असे, म्हणून या वस्तीला देशाची नाडी म्हटले जाई. २०१६ मध्ये केसिक यांच्या निवडीने ती नाडी चुकली. खरे तर ती कधी नाडी नव्हतीच.

छेद लहान होताना

सप्टेंबर २०११ मध्ये बाल्सम्स हॉटेल बंद झाले. नोकऱ्या गेल्या आणि नोकऱ्यांबरोबर माणसे गेली. जनगणनेत २०१० मध्ये डिक्सव्हिलची लोकसंख्या १२ होती; २०२० मध्ये ती ४ वर आली. मतांची संख्या १९८८ मध्ये पस्तिशीच्या वर होती. २००८ मध्ये ती २१, २०१२ मध्ये १०, २०१६ मध्ये ८ आणि २०२० मध्ये ५ झाली. या साऱ्या काळात मतदानाचे प्रमाण मात्र शंभर टक्केच राहिले. पाचापैकी पाच आणि सदतिसापैकी सदतीस यांची टक्केवारी सारखीच असते. जो छेद वितळत होता, त्याकडे टक्केवारीचे लक्ष नव्हते.

छेदाचा प्रश्न पुढे कायद्याच्या दारात गेला. २०१६ च्या निवडणुकीनंतर राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने डिक्सव्हिलच्या मतदार यादीची चौकशी केली. यादीतील काहीजण त्या वेळी प्रत्यक्षात तेथे राहत नव्हते, असे आढळून आले. येथे एक कठोर तर्क समोर येतो. सर्वांनी मत दिलेच पाहिजे ही अट पाळण्याचे दोन मार्ग असतात. एक, यादीतील प्रत्येकाला मतपेटीपर्यंत आणणे; दुसरा, यादी सोहळ्याला अनुरूप ठेवणे. प्रथा टिकविण्याची ओढ जेथे मोठी असते, तेथे या दोहोंतील सीमारेषा धूसर होते. यात मते चोरण्याचा हेतू होता असे म्हणता येत नाही. एखाद्या राज्याचा निकाल आठ मतांनी फिरविण्यासाठी कोणी अशी खटपट करणार नाही. परंतु रहिवासी कोण, हा प्रश्न लोकशाहीत मतमोजणीच्या आधी येतो आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढची मोजणी कितीही वेगवान असली तरी ती अचूक राहत नाही.

२०१९ च्या अखेरीस परिस्थिती आणखी बिकट झाली. मतदान घेण्यास लागणारी मध्यस्थ, लिपिक, सिलेक्टमन ही पदे भरण्यासाठी किमान पाच माणसांची गरज होती आणि एक माणूस कमी पडत होता. साठ वर्षांची प्रथा एका माणसावाचून मोडण्याच्या बेतात आली. अखेर हॉटेलचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या विकासकाने आपले अधिकृत वास्तव्य तेथे हलविले आणि २०२० चे मतदान पार पडले. पहिल्या मध्यरात्री हॉटेलच्या मालकामुळे प्रथा उभी राहिली होती. साठाव्या वर्षी हॉटेलच्याच नव्या विकासकामुळे ती तगली. त्या वर्षी मतदारच निवडणूक अधिकारीही होते.

हॉटेलची मुख्य इमारत बंद असल्याने मतदानाची जागाही बदलली. २०२४ मधील प्राथमिक निवडणूक त्याच परिसरातील, टिलॉटसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराच्या दिवाणखान्यात घेण्यात आली. डेमोक्रॅटिक पक्षाने त्या वर्षी आपल्या वेळापत्रकात साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला होता. न्यू हॅम्पशायरने तो न जुमानता २३ जानेवारीस आपले मतदान घेतले आणि त्याच मध्यरात्री डिक्सव्हिलने आपले. सहा मतदार आणि त्यांच्या कित्येक पट बातमीदार त्या खोलीत होते. यादीतील सहावे मत पेटीत पडले आणि केंद्र बंद झाल्याचे घोषित करण्यात आले.